हँडलाला आवर किती?

वसई म्हटली कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें पश्चिमेचा किल्ला आणि १७३९ सालचा चिमाजीअप्पांचा वेढा उभा राहतो. रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेस जें वालीव गांव आहे, त्याच्या वाट्याला असला इतिहास आलेला नाहीं. तेथें बुरूज नाहींत. आहेत ते कारखान्यांचे गाळे. एका गाळ्यांत लेथवर पोलादी दांडा कांतला जात आहे, शेजारीं रबराच्या कड्या साच्यांतून निघत आहेत, पलीकडे कोणी पितळेची झडप घांसून बसवीत आहे, असें दृश्य तेथें गल्लोगल्लीं दिसतें. या गाळ्यांपासून थोड्याच अंतरावरून मुंबई-अहमदाबादचा हमरस्ता जातो. आठवडाभर मालमोटारींनीं कोंडलेल्या त्या रस्त्यावर रविवारीं पहाटें मात्र एक निराळाच आवाज ऐकूं येतो. मुंबई-ठाण्याकडील तरुण मंडळी शर्यतीच्या घाटाच्या मोटार-सायकली घेऊन घोडबंदरजवळचा पूल ओलांडतात आणि वालीवचा फांटा डावीकडे टाकून उत्तरेस निघून जातात.

त्यांतील कांहीं गाड्यांच्या हँडलापाशीं, पेट्रोलच्या टांकीच्या अगदीं पुढें, वीतभर लांबीची एक चकचकीत नळी आडवी बसविलेली असते. पाहणारास ती शोभेची वस्तु वाटते, आणि कित्येक मालकांच्या बाबतींत हा समज अगदींच चुकीचा नसतो. तिचें नांव स्टिअरिंग डॅम्पर. वालीवच्या एखाद्या कसबी कारागिरानें ती खोलली तर आंत त्याला अपरिचित असें कांहींच सांपडणार नाहीं: कांतलेला दांडा, त्यावर दट्ट्या, दोन्ही टोंकांना रबराच्या कड्या, मधें तेल, आणि तेलाच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर सुईच्या टोंकासारखी एक झडप. वस्तु एवढीच. परंतु ही झडप किती उघडी ठेवावी, या एका प्रश्नाचा उलगडा होण्यास यंत्रविद्येला पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लागला.

दुचाकीचें हँडल हें केवळ वळण्याचें साधन आहे, हा सर्वसाधारण समज अपुरा आहे. दुचाकी सरळ रस्त्यावर उभी राहते तीहि हँडलाच्याच आधारानें. गाडी ज्या बाजूस कलते त्या बाजूस पुढील चाक किंचित् वळतें, चाकें कलत्या भाराखालीं येतात आणि गाडी पुन्हां सांवरते. १८१७ सालीं जर्मनींतील कार्ल फॉन ड्राइस यानें पायांनीं जमीन रेटीत चालविण्याची दुचाकी तयार केली, तेव्हांपासून हा व्यवहार चालत आला आहे. हीं वळणें इतकीं सूक्ष्म असतात कीं, चालविणाराच्या तीं ध्यानांतहि येत नाहींत. परंतु हँडल घट्ट बांधून टाकलें तर कसलेला स्वारहि पन्नास पावलें जाऊं शकणार नाहीं. हँडल मोकळें असलेंच पाहिजे.

आणि मोकळेपणाला एक खोड आहे. रुग्णालयांतील ढकलगाडी घाईनें ढकलतांना तिचें पुढचें लहानसें चाक एकाएकीं दोहों बाजूंना फडफडूं लागतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तें चाक ज्या खुंटीभोंवतीं फिरतें तिच्या थोडें मागें जमिनीवर टेकलेलें असतें. म्हणूनच तें आपोआप गाडीच्या मागें वळतें, आणि म्हणूनच फडफडतेंहि. मोटार-सायकलचें पुढील चाक याच जातीचें आहे. त्याची वळण्याची आंस खालीं वाढविली तर ती जमिनीला जेथें भिडेल, त्याच्या कांहीं बोटें मागें टायर टेकतो. या अंतराला कारखान्यांत ट्रेल म्हणतात. खड्ड्यानें चाक एका अंगास ढकललें गेलें कीं ट्रेल त्याला परत आणतो. पण परत येतांना तें मध्यावर थांबत नाहीं, पलीकडे जातें. तेथून पुन्हां अलीकडे. टायर रबराचा, आणि सांगाडा पोलादाचा असला तरी किंचित् लवणारा. त्यामुळें परत आणणारा जोर प्रत्येक खेपेस जरा उशिरां पोंचतो, आणि उशिरां पोंचलेला जोर झोपाळ्याला मागून दिलेल्या धक्क्याप्रमाणें हेलकावा वाढवितो. हा हेलकावा पोसण्यास लागणारी शक्ति बाहेरून कोठून येत नाहीं. ती गाडीच्या पुढें जाण्याच्या वेगांतूनच घेतली जाते.

बहुतेक वेळां टायरचें रबर आणि स्वाराचे हात मिळून हा हेलकावा एकदोन झोक्यांत जिरवून टाकतात. तो जिरला नाहीं तर हँडल सेकंदाला सहा ते दहा वेळां दोहों बाजूंना आपटूं लागतें. मराठी मिस्त्री याला हँडल मारणें असें म्हणतात. लटपट हा शब्दहि चालण्याजोगा आहे. इंग्रजींत तर या अवस्थेचें नांव टँक-स्लॅपर, म्हणजे टांकीवर चपराका मारणारी, असें पडलें आहे. कारण हँडलाचीं टोंकें खरोखरच टांकीच्या दोन्ही अंगांवर आदळतात. सेकंदाला आठ वेळां दिशा बदलणाऱ्या हँडलाला माणसाचा हात पुरा पडत नाहीं. हात एका झोक्याला विरोध करूं जातो तोंपर्यंत दुसरा झोका उलट दिशेनें आलेला असतो, आणि तो विरोध मदतीसारखा होऊन बसतो.

या दुखण्याचें गणित वस्तुतः लवकरच मांडलें गेलें होतें. डाइम्लर व मायबाख यांची पहिली इंजिनाची दुचाकी १८८५ सालची. आणि १८९९ सालीं केंब्रिजच्या एफ. जे. डब्ल्यू. व्हिपल या तरुण गणितज्ञानें सायकलच्या स्थैर्याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास फ्रान्समध्यें कार्व्हालो यानें स्वतंत्रपणें तोच विषय हाताळला. परंतु तीं समीकरणें हातानें सोडविण्यास अति किचकट, आणि कारखान्यांतील मिस्त्रींना तीं वाचण्याचें कांहीं कारण नव्हतें. मिस्त्रींनीं आपला उपाय आपल्या वाटेनें शोधला, आणि तो तितकाच रांगडा होता.

१९२० नंतरच्या दशकांत ब्रिटिश मोटार-सायकलींच्या हँडलाच्या मधोमध एक काळी फिरकी दिसूं लागली. फिरकीखालीं लांब बोल्ट, आणि त्याच्या तळाशीं पोलादाच्या व घर्षणाच्या चकत्यांची चळत. फिरकी आंवळली कीं चकत्या एकमेकींवर दाबल्या जात व हँडल जड होई. सैल केली कीं हलकें होई. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश लष्करानें मोठ्या संख्येनें वापरलेल्या बी. एस. ए. एम-२० या गाडीला ही फिरकी होती. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली, तिच्या बुलेटवर ती आली. मुंबईचे रुस्तम व फारोख इराणी यांच्या आयडियल जावा कारखान्यांतून १९६१ पासून म्हैसूरला ज्या जावा गाड्या बाहेर पडूं लागल्या, त्यांच्याहि हँडलावर ती होती. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं वडिलांची किंवा काकांची अशी एखादी गाडी असेल. टांकीवर बसून ती फिरकी उगाच गरगर फिरविणें हा त्या घरांतील मुलांचा ठरलेला खेळ असे, आणि फिरकी कशासाठीं आहे हें विचारलें तर बहुधां कोणाला सांगतां येत नसे.

जाणता स्वार मात्र तिचा उपयोग करी. बाजारपेठेंतून जातांना ती पूर्ण सैल. गांवाबाहेर मोकळा रस्ता लागला कीं थोडी आंवळलेली. आणि कच्च्या वाटेवर, किंवा शेजारीं माणूस बसविलेली जोडगाडी असली तर, आणखी थोडी. गाडीच्या वेगाप्रमाणें हँडलाचा आवर बदलला पाहिजे, ही गोष्ट त्या पिढीच्या हातांना पाठ होती.

त्या फिरकीचा दोष असा कीं, सुक्या घर्षणाला प्रमाण कळत नाहीं. चकत्यांचा विरोध हळू वळण्याला जितका, तितकाच झटक्यालाहि. गाडी सांवरण्यासाठीं लागणारीं बारीक बारीक वळणें तो अडकवून ठेवतो. उलट, हँडल खरोखर उसळलें म्हणजे तेवढ्या विरोधानें भागत नाहीं. हवें असतें नेमकें याच्या उलट. सावकाश वळणाराला वाट मोकळी असावी आणि झटका देणारालाच अडवावें, असा विवेक चकतींत नाहीं. तो तेलांत आहे. बारीक भोंकांतून तेल हळू ढकललें तर तें सहज जातें, एकदम ढकललें तर अडून बसतें. दाराला मागून लावलेलें तेलाचें यंत्र दार आपटूं देत नाहीं, पण हळू लोटलें तर वाट देतें, हा अनुभव कचेरींत जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. मोटार-सायकलवर हा तेलाचा डॅम्पर शर्यतींच्या गाड्यांतून हळूहळू रस्त्यावरील गाड्यांत उतरला. १९७३ सालच्या बी. एम. डब्ल्यू. आर-९० एस या गाडीला तीन टप्प्यांत बदलतां येणारा तेलाचा डॅम्पर कारखान्यांतूनच मिळत असे.

याच काळांत गाड्यांची शक्ति सांगाड्याच्या पुढें निघून गेली होती. १९६९ सालची कावासाकीची तीन सिलिंडरांची ५०० सी. सी. गाडी साठ अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. तिचें इंजिन एका युगाचें आणि सांगाडा त्याच्या मागील युगाचा, अशी तिची ख्याति झाली. अशा गाड्यांवर लटपट हें नित्याचें दुखणें, आणि त्याला डॅम्पर हें ठरलेलें औषध. औषध लागू पडेना तर मात्रा वाढवावयाची, म्हणजे झडप आणखी बंद करावयाची, असा सरळ हिशेब चाले.

हा हिशेब चुकीचा आहे हें १९७१ सालीं इंग्लंडमध्यें गणितानें सिद्ध झालें. रॉबिन शार्प यांनीं यंत्रशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकांत मोटार-सायकलच्या स्थैर्यावर जो निबंध लिहिला, तो या विषयाच्या इतिहासांतील मैलाचा दगड होय. व्हिपलच्या सायकलला घसरणाऱ्या टायरांचें गणित जोडून शार्प यांनीं तीन निरनिराळ्या हालचाली वेगळ्या काढल्या. पहिली, गाडी एका अंगावर सावकाश कलंडत जाणें. हिला स्वार सहज आवरतो. दुसरी, वर वर्णिलेली लटपट, जींत मुख्यतः पुढचें चाक व हँडल हलतें. तिसरी म्हणजे डोल. हिच्यांत सबंध गाडी मागच्या बाजूनें शेपूट हलविल्याप्रमाणें डावी-उजवी होते, कलते, सांवरते, पुन्हां कलते. गति लटपटीपेक्षां बरीच संथ, सेकंदाला दोन ते चार वेळां. पण ती येते मोठ्या वेगाला, आणि तिच्यांत एका माणसाचें नव्हे तर सगळ्या गाडीचें वजन झुलत असतें.

शार्प यांच्या गणितांतून निघालेला निष्कर्ष असा: हँडलाला डॅम्पर लावला कीं लटपट मावळते, पण मोठ्या वेगावर त्याच डॅम्परनें डोल बळावतो. कारण डोल जिरविण्याचें काम पुढील चाकाच्या त्या आपोआप वळण्याकडेच असतें. गाडी कलली कीं चाकानें तत्काळ त्या बाजूस वळावें आणि तिला सांवरावें. डॅम्पर या चाकाला धरून ठेवतो, चाक वळतें पण उशिरां वळतें, आणि सांवरण्याऐवजीं झोका वाढतो. म्हणजे एकच मळसूत्र एका बाजूस फिरविलें तर एक दुखणें, दुसऱ्या बाजूस फिरविलें तर दुसरें. मधें जी थोडीशी जागा उरते तीच वापरावयाची, आणि ती जागा वेगाबरोबर, टायरबरोबर, पाठीमागच्या ओझ्याबरोबर सरकत असते. मात्रा वाढवीत जाणारे स्वार लटपटींतून वांचून डोलांत सांपडत, आणि तेथेंहि डॅम्पर अपुरा पडला असें समजून तो आणखी आंवळीत, हें या निबंधानंतर उघड झालें. नायगांव-अर्नाळ्याच्या नाखव्याला यांत नवल वाटणार नाहीं. सुकाणूची दांडी मुठींत आंवळून धरणाराचें गलबत सरळ जात नाहीं, हें तो पोरवयांतच शिकलेला असतो. परंतु गलबताला चूक सुधारण्यास अवधि मिळतो. ताशीं दीडशें किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीला तो मिळत नाहीं.

ज्ञान छापलें गेलें म्हणून तें कारखान्यांत लगेच पोंचतें असें नाहीं. १९९७ सालीं सुझुकी कंपनीनें टी. एल. १००० एस ही गाडी बाजारांत आणली. हलकी, शक्तिमान् व चटकन् वळणारी अशी ती होती, आणि डॅम्पर तिला नव्हता. ब्रिटनमध्यें हँडल मारण्याच्या व त्यांतून झालेल्या अपघातांच्या तक्रारी येऊं लागल्या, तेव्हां गाड्या परत बोलावून त्यांना डॅम्पर बसवून देण्यांत आले. पुष्कळ जाणकारांनीं त्या वेळीं गाडीच्या मागील बाजूच्या वेगळ्या धाटणीच्या धक्काशोषकाकडेहि बोट दाखविलें. हें बोट दाखविणें महत्त्वाचें आहे; कारण दुखणें पुढें दिसलें तरी त्याचें मूळ पुष्कळदां मागें असतें.

शार्प यांनीं दाखविलेल्या पेंचांतून सुटण्याची वाट २००४ सालीं होंडानें आपल्या सी. बी. आर. १००० आर. आर. गाडीवर काढली. तिच्या डॅम्परची झडप विजेवर चालणारी होती. गाडी सावकाश जात असतां झडप उघडी, वेग वाढला व इंजिनानें जोर धरला कीं ती आपोआप मिटूं लागे. जुन्या बुलेटवरचा स्वार गांव सोडतांना व गांवांत शिरतांना जी काळी फिरकी हातानें फिरवी, तिचेंच काम येथें विजेनें चालविलें. पन्नास वर्षांपूर्वींच्या हातांना जें ठाऊक होतें तें यंत्राला शिकविण्यास एवढा काळ लागावा, ही गोष्ट मौजेची खरी.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं प्रत्यक्ष संबंध आला तो पुण्याजवळील चाकण येथें. बजाज ऑटोनें २००७ सालीं ऑस्ट्रियाच्या के. टी. एम. कंपनींत भांडवल घातलें, आणि २०१२ पासून चाकणच्या कारखान्यांत तयार झालेल्या के. टी. एम. गाड्या भारतीय बाजारांत आल्या. २०१४ सालीं आलेली आर. सी. ३९० ही त्यांतील शर्यतीच्या घाटाची. तोंपर्यंत असलें वाहन म्हणजे परदेशांतून आणलेली, धनिकांनाच परवडणारी चीज. आतां तें नोकरीला लागलेल्या पंचविशीच्या तरुणाच्या आटोक्यांत आलें. या गाडीच्या वळण्याच्या आंसेचा कल उभ्या रेषेपासून अवघा साडेतेवीस अंश आणि ट्रेल सुमारें ८८ मिलिमीटर. आंस जितकी उभी व ट्रेल जितका आंखूड, तितकी गाडी वळणास चपळ. आणि तितकीच झटक्याला हळवी. तरीहि तिला कारखान्यानें डॅम्पर बसविलेला नव्हता, आणि यांत कांहीं चूक नव्हती. नीट राखलेल्या, ठरलेल्या टायरांवर चालणाऱ्या तेवढ्या शक्तीच्या गाडीला त्याची गरज पडत नाहीं.

गरज भासूं लागते ती गाडी मालकाच्या हातीं गेल्यावर. सबंध वर्ष सरळ हमरस्त्यावर चालून टायर मध्यावर सपाट झालेला असतो. त्यांतील हवा महिनोन् महिने पाहिलेली नसते. मागें पेटी बांधून तींत ओझें भरलेलें असतें, त्यामुळें गाडी मागें बसते, पुढचें चाक हलकें होतें आणि आंसेचा कल बदलतो. हँडलाच्या सांध्यांतील बेअरिंगांना पावसाळ्याचें पाणी लागून मध्यभागीं खांचा पडलेल्या असतात. अशा स्थितींत वसई-विरारच्या बाजूस काँक्रीटच्या दोन थरांमधल्या उंचवट्यावरून गाडी भर वेगांत गेली आणि हँडल एकदां उसळलें, कीं मालक दुकानांत जाऊन डॅम्पर मागतो. दुकानदार तो देतो. त्यावर कोणत्या गाडीसाठीं, किती लांबीचा, झडपेचे टप्पे किती, याचा पुष्कळदां मजकूर नसतो. रंग मात्र सोनेरी असतो. लटपट थांबते, आणि खांचा पडलेलें बेअरिंग तसेंच आंत राहतें. डॅम्परचा सर्वांत मोठा धोका हा कीं, तो दुखणें झांकतो.

म्हणून गाडी आधीं तपासावी आणि डॅम्परचा विचार त्यानंतर करावा. पुढील चाक जमिनीपासून उचलून हँडल एका बोटानें डावीकडून उजवीकडे न्यावें. मध्यावर तें क्षणभरहि अडखळलें तर बेअरिंग गेलें असें समजावें. मग पुढचे दोन्ही दांडे खालून धरून पुढें-मागें ओढावे. खट् असा आवाज आला तर सांधा सैल आहे. टायरची हवा थंड असतां मापावी, चाकाचा तोल काढून घ्यावा, दोन्ही चाकें एका रेषेंत आहेत हें पाहावें, मागची स्प्रिंग स्वाराच्या वजनाला जुळवावी. दहांपैकीं किती गाड्यांचें दुखणें येथेंच संपतें हें सांगण्यास आंकडा हाताशीं नसला, तरी कोणताहि प्रामाणिक मिस्त्री या टप्प्यावर डॅम्परचें गिऱ्हाईक गमावण्याची तयारी ठेवतो.

एवढें करूनहि गरज उरली, म्हणजे गाडी खरोखर शर्यतीच्या मैदानावर न्यावयाची असली किंवा तिची शक्तीच मोठी असली, तर निवड डोळसपणें करावी. नळीचा डॅम्पर स्वस्त व बसविण्यास सोपा. आंत पंखा असलेला गोल डॅम्पर महाग, पण हँडलाच्या आंसेवरच बसत असल्यामुळें आटोपशीर. गोल प्रकारांतील कांहीं असे असतात कीं, हँडल मध्यापासून दूर जातांना अडवितात आणि मध्याकडे परत येतांना वाट देतात. खडबडीत रस्त्याला ते सोयीचे. नळीचा घेतला तर तो दोन्ही दिशांना सारखाच विरोध करतो कीं नाहीं हें हातानें ओढून-ढकलून पाहावें. दांड्याची चाल पुरेशी हवी. हँडल डावीकडे व उजवीकडे अगदीं टोंकापर्यंत वळविलें असतां गाडीचा मूळचा अडसर आधीं लागला पाहिजे. डॅम्परचा दट्ट्या आधीं तळाला टेकला, तर तीच नळी एखाद्या दिवशीं हँडल कुलपासारखें अडकवून ठेवील. ब्रेकची नळी व क्लचची तार तिच्यांत चिमटत नाहीं ना, हेंहि त्याच वेळीं पाहून घ्यावें. भारतांत आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें कारखान्याच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यावर बंधन घातलें आहे, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें बंधन कडकपणें वाचलें. तेव्हां रस्त्यावरील गाडीवर कांहीं बसविण्यापूर्वीं परिवहन कचेरींत चौकशी केलेली बरी.

मिळविणी सर्वांत सैल टप्प्यापासून करावी. नळी बसवून पुढील चाक उचललेलें असतांनाच हँडल मध्यावरून किंचित् ढकलून पाहावें. तें आपल्या भारानें एका अंगास सावकाश पण न थांबतां पडलें पाहिजे. मध्येंच थांबत असेल तर झडप जास्त मिटली आहे, किंवा नळी वांकडी बसली आहे. मग ओळखीच्या रस्त्यावर, ओळखीच्या वेगानें, एका वेळीं एकच टप्पा. चालत्या माणसाच्या वेगानें गाडी सरळ नेणें कठीण जाऊं लागलें, किंवा वळण संपल्यावर हँडल आपण होऊन सरळ होईनासें झालें, तर एक टप्पा मागें यावें. लांब, वेगाच्या वळणावर गाडी मागून डुलूं लागली तर आंवळण्याचा मोह टाळून सैल करावें. हाच तो शार्प यांनीं दाखविलेला डोल, आणि याच ठिकाणीं हाताची पहिली ओढ नेमकी चुकीच्या दिशेस असते. कोठल्या टप्प्यावर समाधान झालें तें लिहून ठेवावें. मात्र तेल उन्हाळ्यांत पातळ होतें व थंडींत घट्ट, म्हणून मे महिन्यांतील दुपारची मिळविणी माघांतील पहाटेला जशीच्या तशी चालेल असें धरूं नये.

आणि भर रस्त्यांत हँडल मारूं लागलेंच तर? अशा वेळीं हाताला दोनच गोष्टी सुचतात, हँडल घट्ट धरणें आणि पुढचा ब्रेक दाबणें. दोहोंनींहि लटपट वाढते. ब्रेकानें भार पुढें येतो, आणि ताठ हात गाडीच्या हेलकाव्यांत स्वाराचें सबंध अंग जोडून देतात. टांकी गुडघ्यांत दाबावी, अंग पुढें न्यावें, हात सैल सोडावे, आणि ॲक्सिलरेटर एकदम न सोडतां हळूहळू कमी करावा. हें वाचून येत नाहीं, आणि डॅम्पर विकत घेतल्यानेंहि येत नाहीं.

रविवारीं नवाच्या सुमारास ती मंडळी परत येतात. उन्हें चढलेलीं असतात, हमरस्त्यावर मालमोटारींची रांग पुन्हां लागलेली असते, आणि कोणी चहासाठीं तर कोणी सैल झालेला बोल्ट आंवळून घेण्यासाठीं फांट्यावरून वालीवच्या नाक्याकडे वळतात. तेथें रिक्षा, हातगाड्या, कामावर निघालेल्या माणसांचा घोळका. गाडी पावलापावलानें न्यावी लागते. त्या गर्दींत ज्याचें हँडल दांडग्या बैलाच्या मानेसारखें ताठ राहतें आणि ज्याला तोल सांवरण्यासाठीं दोन्ही पाय जमिनीवर घसटावे लागतात, त्याच्या सोनेरी नळीकडे एखादा जुना मिस्त्री न विचारतां हात नेतो आणि मळसूत्र चार टप्पे मागें फिरवितो.